किट लेन्सनंतर कोणती?

दिवाळीच्या ऑफरमध्ये कॅमेरा घेतलेल्या माणसाला साधारण होळीच्या सुमारास एक प्रश्न पडतो. बॉडीबरोबर आलेली १८-५५ची लेन्स हाताळून झालेली असते. घरातली माणसं, गच्चीवरून दिसणारा चंद्र, कुंडीतली जास्वंद असं सगळं टिपून झालेलं असतं. फोटो बरे येतात, पण इतरांचे पाहतो तसे येत नाहीत. कुणा जाणकाराला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "फिफ्टी घे." दुसऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "फिफ्टी कशाला? १८-३०० घे, एकदाच काय तो खर्च." दोघंही छातीठोकपणे सांगतात, आणि तुम्ही फोटो कशाचे काढता हे दोघंही विचारत नाहीत.

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स. ३५ म्हणजे ३५च, त्यात जवळ-लांब करायची सोय नाही. झूममध्ये रिंग फिरवली की १८पासून ५५पर्यंत कुठेही थांबता येतं. एवढा फरक बहुतेकांना माहीत असतो. पैशाच्या दृष्टीने जो फरक महत्त्वाचा आहे तो मात्र लेन्सच्या तोंडाशी बारीक अक्षरात छापलेला असतो आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. किट लेन्सवर १:३.५-५.६ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे १८वर तिचं ॲपर्चर जास्तीत जास्त एफ ३.५ एवढं उघडतं आणि ५५वर पोहोचेपर्यंत एफ ५.६वर येतं. आकडा लहान तेवढं भोक मोठं. साध्या फिफ्टीवर १:१.८ असतं. ५.६ आणि १.८ यांतला फरक आकड्यांत तिपटीचा दिसतो, उजेडात तो जवळजवळ दहापटीचा असतो, कारण उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यांबरोबर येणाऱ्या किट लेन्स तर आणखी अंधाऱ्या झाल्या आहेत. कॅननची आरएफ-एस १८-४५ लांबच्या टोकाला ६.३वर जाते, निकॉनची झेड १६-५०ही तशीच. लेन्स लहान आणि हलकी करायची तर कंपन्या कात्री इथेच लावतात.

दहापट उजेडाचा उपयोग काय, ते घरातच बघता येतं. ट्यूबलाइटच्या उजेडातली साधी बैठकीची खोली घ्या. आयएसओ १६०० ठेवून किट लेन्स ५५वर नेली, तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास मिळतं. तेवढ्यात मूल मान वळवतं आणि चेहरा पुसट होतो. त्याच जागी एफ १.८ असेल तर शटर तीनशेव्या भागापर्यंत जातं आणि मूल उडी मारत असलं तरी बहुतेक वेळा सापडतं. घरातले, लग्नाच्या हॉलमधले, नाटकाच्या तालमीतले, पहाटेच्या दादर फूलबाजारातले फोटो हलतात किंवा दाणेदार येतात, त्याचं मूळ इथे आहे. त्याला महागडी बॉडी हा उपाय नाही. मोठं ॲपर्चर हा आहे.

पण इथेच एक मेख आहे, आणि दुकानदार ती सांगत नाही. तुमच्या किट लेन्समध्ये बहुधा स्टॅबिलायझेशन असतं. कॅनन त्याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर. स्वस्त फिफ्टीत ते नसतं. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. म्हणून समोरची वस्तू स्थिर असेल, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ, वाड्याचा अंधारा जिना, मूर्तिकाराच्या मांडवातली रंग वाळत ठेवलेली मूर्ती, तर किट लेन्स सेकंदाच्या दहाव्या भागालाही स्वच्छ फोटो देते. तिथे प्राइम नाही म्हणून अडत नाही. माणसं हलत असली की मात्र प्राइमच कामी येते. तुम्ही अंधारात काढता तरी काय, दगड की माणसं, हे आधी ठरवा.

आता फिफ्टीकडे येऊ. ही शिफारस फिल्मच्या जमान्यातून चालत आली आहे आणि तेव्हा ती योग्यच होती. ३५ एमएम फिल्मवर पन्नासची लेन्स मध्यम कोन देते. तुमच्याकडे बहुधा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा आहे. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर पन्नासचा कोन ८०सारखा होतो, निकॉन, सोनी, फुजीवर ७५सारखा. म्हणजे ती छोटी टेलिफोटोच झाली. एकाच माणसाचा चेहरा, मागे विरघळलेली पार्श्वभूमी, यासाठी सुरेख. पण आपल्याकडचं बारसं डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराची खोली, मधे पाळणा, भोवती पाच-सहा बायका, आणि तुम्ही कपाटाला पाठ लावून उभे. समोरचं अंतर तीन मीटरही भरत नाही. तीन मीटरवरून क्रॉप सेन्सरवरची फिफ्टी साधारण १.३ मीटर रुंदीचा भाग टिपते. पाळणा आणि फार तर दोघी. 'कुर्र' करणारी आत्या फ्रेमच्या बाहेर. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंतचा फोटो हवा असेल तर चार-साडेचार मीटर मागे जावं लागतं, म्हणजे जिन्यात. ३५ची लेन्स त्याच जागेवरून जवळजवळ दोन मीटर रुंदी घेते, २४ची पावणेतीनच्या आसपास. घरातल्या फोटोंसाठी लेन्स हवी असेल तर क्रॉप सेन्सरवर पन्नास घेऊ नका, ३५ किंवा त्याहून कमी घ्या. या एका बाबतीत मी फिफ्टीवाल्यांशी भांडायला तयार आहे.

निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरसाठी ३५ एफ १.८जी ही २००९ साली आलेली, २०० ग्रॅमची लेन्स अजूनही माझ्या मते सर्वांत शहाणी खरेदी आहे. कॅननवाल्यांचं नशीब थोडं वाकडं. त्यांच्या क्रॉप डीएसएलआरला इतकी स्वस्त ३५ कॅननने दिलीच नाही. त्यांच्यासाठी २४ एफ २.८ ही चपटी, १२५ ग्रॅमची लेन्स आहे. तिच्यात १.८ इतका उजेड येत नाही, पण किटच्या लांबच्या टोकापेक्षा चौपट येतो आणि कॅमेरा जवळजवळ खिशात मावतो. मिररलेसवाल्यांना निकॉनची झेड डीएक्स २४ एफ १.७, कॅननची आरएफ २८ एफ २.८, सोनीसाठी सिग्माची ३० एफ १.४ असे पर्याय आहेत.

फिफ्टी घेतलीच असेल तर एक धोक्याची सूचना. एक मीटर अंतरावरून एफ १.८ला जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर खोलीचा भाग शार्प येतो. डोळा शार्प असेल तर कान गेला. दोघं पुढेमागे बसले असतील तर एकाचा चेहरा नक्की धूसर. एफ १.८ दिलंय म्हणून सारखं १.८ वापरायचं नसतं. एकट्याच्या पोर्ट्रेटला २.२, दोघातिघांना ४ अशी सवय लावली की 'फिफ्टी शार्प नाही' ही तक्रार आपोआप बंद होते.

फिफ्टी इतकी स्वस्त का, हे कळलं तर बजेटचं बरंचसं कोडं सुटतं. तिची रचना जुनी आहे. झाईसच्या पाउल रुडॉल्फने १८९६ साली 'प्लानर' लेन्सचा आराखडा केला. मधे ॲपर्चर आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं, अशा त्या घराण्यातलीच आजची फिफ्टी. समोरासमोरची भिंगं एकमेकांचे दोष बरेचसे कापतात, त्यामुळे थोडक्या काचेत काम भागतं. कॅननच्या ५० एफ १.८ एसटीएममध्ये सहा भिंगं आहेत, त्याच कंपनीच्या १८-५५ आयएस एसटीएममध्ये तेरा. शिवाय डीएसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्सचं बूड सेन्सरपासून कॅननमध्ये ४४ आणि निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटरवर असतं. पन्नासची लेन्स या अंतरात आरामात बसते. तेवढ्याच ॲपर्चरच्या चोवीसच्या लेन्सला मात्र एवढ्या लांबून सेन्सरवर प्रतिमा पाडण्यासाठी पुढे जादा भिंगांची कसरत करावी लागते. वजन, किंमत, सगळं तिथून वाढतं. दुसऱ्या टोकाला लांबच्या लेन्सचं गणित आणखी कडक आहे. ४०० एमएम एफ ५.६ म्हणजे पुढचं तोंड निदान ७१ मिलिमीटरचं हवं. तेवढी उत्तम काच महागच पडणार, आणि अशा लांब प्राइम घेणारे मूठभर असल्याने त्या स्वस्त होण्याइतक्या संख्येने बनतही नाहीत.

यातून हौशी माणसाच्या खिशाला लागू पडणारा हिशेब निघतो. मधल्या टापूत, म्हणजे २४ ते ५०च्या दरम्यान, प्राइम स्वस्त आणि सरस. दोन्ही टोकांना, अगदी रुंद आणि अगदी लांब, झूमच स्वस्त. कॅनन क्रॉप डीएसएलआरसाठी १०-१८ ही २४० ग्रॅमची रुंद झूम आहे. एवढ्या रुंद कोनाची आणि त्या किमतीची प्राइम शोधायला गेलात तर बहुधा हाताने फोकस करायची एखादी चिनी लेन्स हाती लागेल. लांबच्या बाजूला ५५-२५० किंवा ७०-३०० ही झूम जितक्या रुपयांत येते तितक्यात ३००ची प्राइम सेकंडहँडही मिळणं कठीण. तेव्हा 'प्राइम की झूम' हा वाद मधल्या टापूपुरताच घालण्यासारखा आहे.

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात हिवाळ्यात रोहित बघायला गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. होडी नावाडी नेईल तिथे जाते, पक्षी त्यांच्या मर्जीने उडतात, तुमच्या पायांचा तिथे उपयोग शून्य. ताडोब्यात जिप्सीतून उतरता येत नाही. वाघ शंभर मीटरवर बसला असेल तर तुमची ५५-२५० पूर्ण ताणूनही तो लहानच दिसेल, आणि तोच वाघ चालत गाडीपाशी आला तर प्राइमवाला शेजारी फक्त पट्टे टिपत बसेल. इथे झूमला पर्याय नाही. मात्र पक्षी-प्राण्यांचं वेड लागलंय असं वाटताच सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० विकत घेऊ नका. सिग्माची हलकी समजली जाणारी आवृत्तीसुद्धा जवळजवळ दोन किलो भरते. मुंबई-पुण्यात ती दिवसाच्या भाड्याने मिळते. एका हिवाळ्यात दोनदा भाड्याने घ्या. दुसऱ्या खेपेलाही ती हौसेने गळ्यात घालून हिंडलात तर पुढचं बोलू.

वारीची गोष्ट आणखी निराळी. आषाढातला पाऊस, मधेच कडक ऊन, रिंगणात धावणाऱ्या अश्वांच्या टापांखालची धूळ, आणि भोवती हजारो माणसं. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर माती घेणं. अशा जागी मला १८-३००च्या जातीची लेन्सही समर्थनीय वाटते, एरवी मी तिच्या बाजूचा नाही. सोळा-सतरापट झूममध्ये सगळं मिळतं, पण थोडं थोडं. लांबच्या टोकाला ६.३चं ॲपर्चर, कडांना मऊपणा, आणि आपण जागचं हलायचंच विसरून जातो.

हलण्यावरून आठवलं. प्राइमच्या पुरस्कर्त्यांचं एक लाडकं वाक्य असतं: पायांनी झूम करा. ऐकायला झकास, पण अर्धंच खरं. पायांनी पुढेमागे झालं की फक्त आकार बदलत नाही, वस्तूंचं एकमेकांशी प्रमाणही बदलतं. मित्राला राजगडाच्या बालेकिल्ल्यासमोर उभा करा. १८वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढा. मित्र मोठा, बालेकिल्ला मागे ढेकळाएवढा. आता लेन्स ५५वर न्या आणि मित्रापासून सहा मीटरवर मागे या. मित्र फ्रेममध्ये तेवढाच राहील, बालेकिल्ला तिप्पट मोठा होऊन त्याच्या डोक्यावर उभा ठाकेल. झूमचा खरा उपयोग हा आहे: आधी पायांनी जागा ठरवायची, मग रिंगेने फ्रेम. आळशीपणासाठी झूम वापरणारे पुष्कळ असले तरी त्यात झूमचा दोष नाही. आणि किल्ल्यांच्या फोटोंसाठी प्राइमच हवी असंही नाही. दिवसाउजेडी एफ ८ला किट लेन्स आणि प्राइम यांच्या फोटोंतला फरक मोबाइलच्या पडद्यावर कुणी ओळखून दाखवणार नाही.

प्राइम म्हणजे शुद्ध कला आणि झूम म्हणजे तडजोड, असा एक सोवळेपणा फोटोग्राफीच्या वर्तुळात असतो. थोर छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यभर मुख्यतः पन्नासच वापरली, याचा दाखला हमखास दिला जातो. आपल्याकडच्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं कितीतरी काम रोलीफ्लेक्सवर झालं, ज्याची लेन्स बदलताच येत नाही. खरं आहे. पण स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम, फोइग्टलेंडरची ३६-८२ 'झूमर', बाजारात आली १९५९ साली. त्याआधी निवड करायला झूम होतीच कुठे? थोरांनी एका लेन्सवर नजर घडवली हे शिकण्यासारखं आहे, त्यासाठी किट लेन्स टाकून द्यायची गरज नाही. आणि एक प्राइम तुमच्या खिशात आधीपासून आहेच. मोबाइलचा मुख्य कॅमेरा प्राइमच असतो, फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६चा.

काय घ्यायचं हे ठरवायला दुकानात जायच्या आधी घरच्या संगणकावर बसा. गेल्या वर्षभरातले तुम्हाला मनापासून आवडलेले शंभरेक फोटो एका फोल्डरमध्ये काढा. प्रत्येक फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते. डिजीकॅमसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती भराभर बघता येते. आकडे १८पाशी साचले असतील तर तुम्हाला आणखी रुंद हवंय. ५५पाशी साचले असतील तर लांबच्या लेन्सची ओढ आहे. २४ ते ४०च्या मधे रेंगाळत असतील तर प्राइम तुमच्यासाठीच बनलेली आहे. त्याबरोबर आयएसओचा रकानाही बघा. आवडते फोटो बहुतेक २००-४००वर काढलेले असतील, तर तुम्ही उजेडातला माणूस आहात, १.८साठी पैसे घालवू नका.

शंका उरली तर किट लेन्सची रिंग ३५वर नेऊन तिच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवा आणि एखाद्या रविवारी तुळशीबागेत किंवा मंडईत फिरून या. रिंग फिरत नाही म्हणून चिडचिड झाली की मजा आली, हे घरी येईपर्यंत कळलेलं असतं. टेपेला काही फार पैसे पडत नाहीत.

आता पैशांचं बोलू. किमती ऑफरप्रमाणे वरखाली होतात, म्हणून अंदाजच सांगतो. दहा-पंधरा हजार हातात असतील आणि फोटो माणसांचे असतील, तर वर सांगितल्यासारखी एक प्राइम घ्या आणि किट लेन्स ठेवून द्या. ती विकून हाती फारसं काही लागत नाही, आणि काही कामांत ती प्राइमपेक्षा सरस आहे. उदाहरणार्थ, कासच्या पठारावरची इवलीशी फुलं. कॅननची १८-५५ एसटीएम पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते आणि फूल सेन्सरवर ०.३६ पट आकाराचं टिपते. फिफ्टी ०.२१च्या पुढे जात नाही. फूल जवळून काढायला म्हणून फिफ्टी घेणारे इथे हिरमुसतात.

तेवढ्याच बजेटमध्ये, फोटो मुख्यतः घरगुती समारंभांचे असतील, तर लेन्सऐवजी फिरत्या डोक्याचा फ्लॅश घेण्याचा विचार जरूर करा. चिनी बनावटीचा चांगला फ्लॅश पाच-सहा हजारांत येतो. त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे करायचं, म्हणजे उजेड वरून पसरून मऊ पडतो, आणि किट लेन्स एफ ५.६ला सगळ्या आत्या-मावश्यांना शार्प टिपते. एफ १.८ला हे होत नाही, कारण एक शार्प आणि चार धूसर. छत लाकडी किंवा रंगीत असेल तर मात्र हा उपाय विसरा.

वीस-पंचवीस हजार असतील तर मी एक प्राइम आणि एक सेकंडहँड ५५-२५० किंवा तिच्या तोडीची लेन्स घेईन. चाळीसच्या पुढे जायची तयारी असेल, आणि लेन्स बदलायचा कंटाळा असेल, तर एफ २.८ कायम ठेवणाऱ्या झूमकडे वळा. मिररलेससाठी सिग्माची १८-५० एफ २.८ ही तीनशे ग्रॅमच्या आत बसणारी लेन्स सोनी, फुजी आणि २०२४पासून कॅननलाही मिळते. डीएसएलआरवाल्यांना सिग्मा किंवा टॅमरॉनची १७-५० एफ २.८ जुन्या बाजारात सापडते. प्रवास, समारंभ, रस्ता, सगळ्याला पुरून उरते. किटच्या लांबच्या टोकापेक्षा चौपट उजेड, आणि बारशाला जिन्यात जायला नको. 'पुढे फुल फ्रेम घेणारच आहे' म्हणून आज क्रॉप कॅमेऱ्यावर फुल फ्रेमची महाग, जड लेन्स लावू नका. ते 'पुढे' बऱ्याच जणांचं येतच नाही.

कंपन्यांचा सगळा ओढा आता मिररलेसकडे असल्याने डीएसएलआरच्या जुन्या लेन्स स्वस्तात सुटतात, आणि हौशी माणसाला ही पर्वणी आहे. फक्त काही सापळे ओळखून ठेवा. निकॉनची ५० एफ १.८डी स्वस्त दिसते, पण तिच्यात मोटार नाही. डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, आणि एफटीझेड ॲडॅप्टर लावून झेड कॅमेऱ्यावरही चालत नाही. निकॉनच्याच एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१००सारख्या जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. त्याउलट कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडॅप्टरने आरएफ कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात. म्हणून विकणाऱ्याकडे जाताना स्वतःची बॉडी बरोबर न्यायचीच.

मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. तिथे भाव विचारताना बिलासकट आणि भारतातल्या वॉरंटीसकट किती, असं विचारा, नाहीतर स्वस्त सांगितलेली लेन्स परस्पर आणलेली निघते आणि सर्व्हिस सेंटरला तिची दाद लागत नाही. जुनी लेन्स बघताना दोन्ही टोप्या काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरक्या नजरेने आत बघा. चार धूलिकण दिसतील, त्यांचं काही वाटून घेऊ नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू कडेपासून आत येताना दिसले तर ती बुरशी आहे. दुधी धुकं दिसलं तरी परत द्या. झूम असेल तर तोंड खाली करून धरा. नळी आपोआप घसरत बाहेर आली तर आतले भाग सैल झालेत. रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश फिरवा, कुठे खरखर किंवा अडखळ आहे का बघा. मग दोन्ही टोकांना एकेक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. प्राइममध्ये हलणारे भाग कमी, त्यामुळे ही सगळी तपासणी लवकर आटपते. जुन्या बाजारात मी प्राइमवर जास्त भरवसा ठेवतो, तो याचसाठी.

घेतल्यावर ती पावसाळ्यात जपणं हे कोकणात आणि मुंबईत वेगळं कामच आहे. बाहेर येणाऱ्या नळीची झूम प्रत्येक वेळी ताणताना हवा आत ओढते, आणि जुलैतली हवा म्हणजे अर्धं पाणीच. चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात घालून कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीपर्यंत बुरशी धरू शकते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरता येतात, पण त्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाच्या तव्यावर किंवा कढईत ते टाकू नका. आठवड्यातून एकदा लेन्स काढून उजेडात वापरा. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांच्या डब्यात ठेवू नका. सहा भिंगांची प्राइम उघडून साफ करून द्यायला दुरुस्तीवाला सहसा तयार होतो. तेरा भिंगांच्या स्वस्त झूमची मजुरी मात्र पुष्कळदा तिच्या सेकंडहँड किमतीपर्यंत जाते, तेव्हा हो म्हणण्याआधी तशीच दुसरी कितीला मिळतेय ते विचारून घ्या.